वस्तादाचा सातबारा



भाताची लावणी उरकली, वरकस जमिनीवरची नाचणी आवरत आलीय. पाऊस उघडीप देत नाही, म्हणून युरियाचा हप्ता थांबवलाय. खाचरातून पाणी वाहत असताना खत टाकणं म्हणजे सावित्री नदीला खत घालणं. तेवढ्या मोकळ्या वेळात एक वेगळी नोंद लिहून काढतो. विषय कुस्तीचा आहे, आणि त्यातही कुस्ती शिकवणाऱ्या माणसाचा. शेतीच्या पानावर हे कशाला, असं काहींना वाटेल. पण पोरांना घडवणं आणि रोप वाढवणं यात मला बरंच सारखं दिसतं, आणि आपल्या पोलादपूर-महाडकडं सध्या तोच प्रश्न घराघरांत आहे.

आधी मातीचं बोलू, म्हणजे तुम्हाला परकं वाटणार नाही. तालमीतला हौदा कधी जवळून पाहिला असेल तर आठवा. तिथली लाल माती शेतातून उचलून तशीच टाकलेली नसते. ती चाळतात, खडे वेचतात. मग त्यात तेल, हळद, ताक, लिंबाचा रस, कापूर असं एकेक मिसळतात. कुठं कडुलिंबाचा पालाही घालतात. तेला-ताकानं माती मऊ राहते, धूळ उडत नाही. हळद खरचटल्यावर उपयोगी पडते. आणि ही माती रोज खोऱ्यानं उकरावी लागते, नाहीतर शंभर पाठी आपटून ती चिखलणी वाळल्यासारखी कडक होते. बऱ्याच तालमींत नव्या पोराला पहिल्या दिवसापासून डाव शिकवत नाहीत, आधी हौदा उकरायला लावतात. त्यात खांदा, कंबर, मनगट सगळं तयार होतं. आणि पोरगं टिकणार की पळणार हेही वस्तादाला कळतं. मशागतीवरून माणूस ओळखायची ही पद्धत आपल्याला काही नवी नाही.

आपल्याकडं कुस्ती कमी, कबड्डी जास्त. गावागावात कबड्डीचा संघ आहे, कुस्तीची तालीम शोधावी लागते. पोलादपुरावरून आंबेनळी घाट चढला की सातारा जिल्हा लागतो, आणि तिथून पुढं कऱ्हाड, सांगली, कोल्हापूर हा सगळा कुस्तीचा मुलूख. म्हणून आपली जुनी माणसं म्हणतात, कुस्ती घाटावरची. अंगात ताकद नाही म्हणून असं झालं नाही. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ आपल्याच तालुक्यात आहे. डोंगर चढउतार करणाऱ्या, डोक्यावर भारे वाहणाऱ्या माणसांच्या पायात काय जोर असतो ते मी सांगायला नको. कमी आहे ती शिकवणाऱ्याची.

यंदा हा विषय निघाला त्याला कारण घडलं. शेजारच्या वाडीतला एक पोरगा महाडला कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. अंगानं बारीक, पण पकड घट्ट. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरला, दोन कुस्त्या जिंकला, तिसरी हरला. आता म्हणतो पुण्याला तालमीत जातो. त्याचा बाप बांधावर येऊन मला विचारतो, "भाऊ, धाडू का ह्याला? खुराकाचा खर्च झेपंल का? आणि उद्या काय नाय झालं तर पोराचं कॉलेज पण गेलं आणि शेतावरचा हात पण गेला." प्रश्न साधा नाही. आपल्या वाड्यांत आता लावणीला माणूस मिळत नाही, जो तो मुंबईच्या वाटेवर. त्यात एक तरणा हात गेला की दोन खाचरं ओस पडतात.

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. पोरगा चांगला आहे का, याच्या आधी तो कुणाच्या हाताखाली जाणार, हे बघायला हवं होतं. त्या निमित्तानं जे वाचलं, जुन्या माणसांकडून ऐकलं, ते इथं मांडतो.

घाटावरचीच गोष्ट. खाशाबा दादासाहेब जाधव. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, जन्म १९२६. वडील स्वतः पैलवान. बाबुराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी यांनी त्यांना तयार केलं. पुढं ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीला नाव द्यायला गेले, तर अंगकाठी बघून क्रीडाशिक्षकांनी त्यांना घेतलं नाही, अशी हकीकत सांगतात. पोरगं थेट प्राचार्यांकडं गेलं. प्राचार्य खर्डेकरांनी परवानगी दिली, आणि खाशाबांनी आपल्यापेक्षा अंगानं मोठ्या गड्यांना चीत केलं.

इथं जरा थांबा. आपण रोपवाटिकेत काय करतो? आवण उपटताना लांब, हिरवंगार, लुसलुशीत रोप बघून खूश होतो. पण दाट पेरलेल्या वाफ्यातलं लांब रोप लावल्यावर पडतं. बुटकं, जाड बुडख्याचं रोप धरतं. अनुभवी माणूस शेंड्याकडं न बघता बुडखा बघतो. कॉलेजच्या मैदानावरही तेच. पहिल्या नजरेत पोराची उंची आणि छाती दिसते, पकड दिसायला एक संधी द्यावी लागते. ती एक संधी देणाराही पोराला घडवणाऱ्यांतलाच.

१९४८ ला खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले. खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. आयुष्य मातीत गेलेला पैलवान पहिल्यांदा गादीवर उतरला. नियम वेगळे, गुण मोजायची रीत वेगळी. तिथं रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन माणसानं त्यांना तयार केलं. फ्लायवेट गटात सहावा नंबर आला. आपल्याकडं सवय अशी की पहिल्या हंगामात उतारा आला नाही की वाण बदलून टाकायचा. खाशाबांनी वाण बदलला नाही. पुढची चार वर्षं गादीची तयारी केली, वरच्या वजनगटात, ५७ किलोत गेले.

१९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी गोळा केली तरी कमी पडत होते. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. १९५२ चे सात हजार. खाशाबांनी तिथं कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं ते पहिलं वैयक्तिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसचं, म्हणजे ४४ वर्षं. परत आले तेव्हा कऱ्हाडला शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मिरवणुकीइतकीच मोठी गोष्ट नंतर घडली. खाशाबांनी कुस्त्या खेळून पैसे उभे केले आणि प्राचार्यांच्या घरावरचं कर्ज फेडलं.

त्याच हेलसिंकीतली दुसरी बाजूही लक्षात ठेवा. जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत पैलवानाशी उभं केलं. मधे अर्ध्या तासाची विश्रांती नियमात होती, पण हरकत घ्यायला आपला एकही माणूस कडेला हजर नव्हता, असं सांगतात. थकल्या अंगानं लढले आणि ती कुस्ती गेली. मी याकडं शेतकऱ्याच्या नजरेनं बघतो. पीक तुम्ही कितीही चांगलं काढा, वजनकाट्यापाशी आपलं माणूस उभं नसेल तर नुकसान आपलंच. प्रशिक्षकाचं अर्धं काम डाव शिकवायचं, आणि अर्धं काम नुसतं तिथं हजर असायचं.

आता अशा माणसाकडं येऊ, ज्यांनी पैलवानकी झाल्यावर शिकवण्यातच आयुष्य घातलं. हरिश्चंद्र बिराजदार. लातूर जिल्ह्यातलं निलंगा तालुक्यातलं रामलिंग मुदगड त्यांचं गाव. मुलूख कोरडवाहू, आपल्यासारखा तीन हजार मिलिमीटर पाऊस तिथं स्वप्नातही नाही. १९६९ ला ते महाराष्ट्र केसरी झाले. पुढं रुस्तुम-ए-हिंद. १९७७ ला बेळगावात त्यांनी सतपालला हरवलं. सतपाल म्हणजे त्या काळातला दिल्लीचा सगळ्यात नावाजलेला मल्ल. ती कुस्ती जुनी माणसं अजून सांगतात.

बऱ्याच पैलवानांची गोष्ट इथं संपते. गदा भिंतीवर, फेटा कपाटात, आणि जत्रेत पाहुणा म्हणून खुर्ची. बिराजदार पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरांना तयार करत राहिले. पोरं त्यांना मामा म्हणायची. वस्तादाचा दिवस कसा असतो बघा. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचं. कोण जोर कमी मारतोय, कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाच्या घरून पैसे आले नाहीत, कोण रात्री उशिरा आलाय, हे सगळं न विचारता ओळखायचं. संध्याकाळी परत तेच. आणि हे वर्षानुवर्षं. आपल्यात ज्यांच्याकडं गुरं आहेत त्यांना हे लगेच कळेल. दुभत्या जनावराला रविवार नसतो.

त्यांच्या हाताखालून काका पवार तयार झाले. १९९८ चे अर्जुन पुरस्काराचे मानकरी, पुढं स्वतःच पुण्यात कात्रजकडं कुस्ती संकुल उभं करून वस्ताद झाले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे हाही बिराजदारांचाच पठ्ठा. राहुलचे वडीलही पैलवान. २००६ ला बिराजदारांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला आणि २०११ ला ते गेले. राहुल तेव्हा अजून मोठ्या पदकापर्यंत पोचायचा होता. पुढची मशागत काका पवारांनी केली. २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत राहुलनं ५७ किलोत सुवर्ण जिंकलं आणि ते आपल्या गेलेल्या वस्तादाला अर्पण केलं. २०१९ ला ६१ किलोत जागतिक स्पर्धेचं कांस्य आणलं.

हिशोब लावा. वस्ताद २०११ ला गेले, पीक २०१८ ला निघालं. सात वर्षांनी. आणि निघालं ते दुसऱ्याच्या नावावर. वस्तादाच्या सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसते मंडळी. पीकपाहणीला कुणी आलंच तर तिथं पठ्ठ्याचं नाव दिसतं. आंब्याची कलमं लावणाऱ्या म्हाताऱ्याला हे पटवून द्यावं लागत नाही.

आता थोडं लांबचं. अमेरिकेत आयोवा नावाचं राज्य आहे, मका आणि सोयाबीनचं. शेतकऱ्यांचा मुलूख, आणि कुस्तीचं वेड आपल्या कोल्हापूरसारखं. तिथं कुस्ती कॉलेजातच वाढते, कॉलेजचा प्रशिक्षक म्हणजे मोठं पद. डॅन गेबल हे त्यातलं मोठं नाव. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला समोरच्याला एकही गुण न देता सुवर्ण घेतलं. मग आयोवा विद्यापीठात २१ हंगाम प्रशिक्षक राहिले, १९९७ पर्यंत, आणि १५ वेळा त्यांच्या संघानं देशाचं विजेतेपद घेतलं. त्यांचा पठ्ठा टॉम ब्रँड्स १९९६ चा ऑलिंपिक विजेता, पुढं त्याच विद्यापीठाचा प्रशिक्षक झाला. म्हणजे इकडं बिराजदार ते काका पवार, तिकडं गेबल ते ब्रँड्स. पठ्ठ्याच्या हातून पुढचा पठ्ठा तयार होतो तेव्हा ती तालीम टिकते.

त्याच आयोवातल्या क्रेस्को गावच्या हायस्कुलात डेव्ह बार्टेल्मा नावाचे कुस्तीचे प्रशिक्षक होते. त्यांच्याकडं एक शेतकऱ्याचा पोरगा कुस्ती खेळायचा. पुढं हा पोरगा मिनेसोटा विद्यापीठात गेला, प्रवेशपरीक्षेत नापास झाला, वेगळ्या वाटेनं आत शिरला, तिथंही कुस्ती खेळला. त्याचं नाव नॉर्मन बोरलॉग. होय, तेच. मेक्सिकोत गव्हाचे बुटके वाण तयार करणारे, ज्यांच्या वाणांचं १८ हजार टन बियाणं १९६६ ला भारतानं मागवलं, ज्यांना १९७० चं शांततेचं नोबेल मिळालं. बार्टेल्माही पुढं मिनेसोटा विद्यापीठाचे कुस्ती प्रशिक्षक झाले. चिवटपणा आपण कुस्तीत शिकलो, असं बोरलॉग शेवटपर्यंत सांगायचे. १९९२ ला अमेरिकेच्या कुस्तीच्या सन्मानदालनात त्यांचं नाव लागलं.

कृषी विद्यापीठातले जे मित्र हे पान वाचतात, त्यांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावं. बार्टेल्मांचा हा पठ्ठा कुस्तीत जगजेता झाला नाही. पदकांच्या यादीत बघाल तर वस्तादाची मेहनत वाया गेली असंच वाटेल. पण मेक्सिकोच्या उन्हात वर्षाला दोन-दोन हंगाम हजारो संकर तपासत बसायची जी चिकाटी लागली, ती कुठल्या तरी हायस्कूलच्या गादीवर तयार झाली होती.

आता आपल्या वाडीतल्या पोराकडं. त्याच्या बापाला मी जे सांगितलं ते इथं लिहितो, कारण असे बाप आणखीही आहेत.

१. तालीम बघायला जा तेव्हा जिंकलेल्यांचे फोटो बघू नका. हरून आलेल्या पोराशी वस्ताद कसा बोलतो ते बघा. दोन दिवस मुक्काम करा, कळतं.

२. वस्तादाचे जुने पठ्ठे आता काय करतात ते विचारा. पदकवाले सोडून बाकीचे. पोलिसात, सैन्यात, शिक्षक, शेतकरी, कुठंतरी नीट उभे असतील तर ती तालीम बरी.

३. नुसती माती आहे की गादीही आहे? माती सोडू नका, पण कॉलेज, विद्यापीठ आणि त्यापुढच्या स्पर्धा गादीवर होतात. खाशाबांना लंडनमध्ये पहिल्यांदा गादी दिसली. तुमच्या पोराला ती आत्ताच दिसू दे.

४. वजन कसं उतरवतात ते विचारा. पाणी तोडून, घाम काढून दोन दिवसांत चार-पाच किलो उतरवणारा वस्ताद धोक्याचा. ताकदीच्या नावाखाली पावडरी आणि इंजेक्शनं देणारा त्याहून धोक्याचा. पिकाला नुसता युरिया मारल्यासारखं आहे ते. काळोखी येते, आणि पहिल्या वाऱ्यात पीक लोळतं.

५. कॉलेज सुटता कामा नये. परीक्षेच्या वेळी पोराला सोडतो का, हे तोंडावर विचारा. जो वस्ताद या प्रश्नावर चिडतो, त्याच्याकडं पाठवू नका.

६. खुराकाचा हिशोब आधी करा. दूध, तूप, बदाम, अंडी, मटण, महिन्याला किती लागतं ते कागदावर मांडा. एका घराला झेपत नसेल तर भावकीत वाटून घ्या. खाशाबांसाठी गावांनी वर्गणी काढली होती, त्यात कमीपणा काही नाही. मात्र शेत गहाण टाकून पाठवू नका. घर गहाण ठेवलं ते प्राचार्यांनी, आणि ते एका स्पर्धेसाठी, चार वर्षांची तयारी डोळ्यांनी बघून.

बाप म्हणाला, "म्हंजे धाडू?" मी म्हटलं, एक वर्ष धाड. लावणीला आणि कापणीला आठ-आठ दिवस सोडायला सांग, जो वस्ताद शेतकऱ्याच्या पोराला जाणतो तो नाही म्हणणार नाही. वर्षानं परत बसू. पोरगा पुढच्या महिन्यात जातोय. त्याच्या वाटची दोन खाचरं या रब्बीत वालासाठी मी आणि त्याचा चुलता मिळून बघणार आहोत. पदकाची खात्री मी दिलेली नाही, कुणीच देऊ शकत नाही.

एक विनंती महाड-पोलादपूरच्या शाळा-कॉलेजांतल्या क्रीडाशिक्षकांना आणि तशीच गावोगाव फिरणाऱ्या कृषी सहायकांना. तुमच्या कामाचा उतारा तुमच्या नावावर निघणार नाही, हे ठरलेलंच आहे. पण नाव द्यायला आलेल्या बारीक पोराला, किंवा दोन गुंठ्यांवर नवीन वाण लावून बघतो म्हणणाऱ्या गरीब माणसाला, एकदा मैदानात उतरू द्या. तुमच्याकडून आम्हाला तेवढंच हवंय.

उघडीप मिळाली की खताचा हप्ता द्यायचाय. आणि खालच्या खाचरात पानांवर करप्याचे ठिपके दिसू लागलेत, पुढची नोंद त्याची.